कॉल बंद झाला, आणि पुढचं कळलंच नाही

ताई, नमस्कार.

मी सव्वा वर्षापासून एका आपत्कालीन केंद्रात कॉल घेते. वय २४. शहरातच वाढले, बाबा रिक्षा चालवतात. नातेवाईक म्हणतात, ‘एसीत बसून फोन उचलायचे, अजून काय पाहिजे!’ मला स्वतःला काम आवडायचं.

तीन आठवड्यांपूर्वी रात्रपाळीत एका मुलाचा फोन आला. आवाजावरून पंधरा-सोळा वर्षांचा असेल. मी आधी गाव विचारलं, तालुका विचारला, वस्तीवर यायची खूण विचारली. मग काय झालंय ते विचारलं. म्हणाला, ‘आबांनी औषध घेतलंय.’ मी म्हटलं, ‘कशाचं औषध? बीपीचं का? त्रास काय होतोय त्यांना?’ तो पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा ओरडला, ‘अहो ताई, वावरातलं औषध!’ तेव्हा मला कळलं. मग शिकवल्याप्रमाणे सगळं सांगितलं. कुशीवर वळव, उलटी काढायला लावू नका, मीठपाणी पाजू नका, औषधाचा डबा अँब्युलन्सच्या गाडीत दे. तो ‘हो ताई, हो ताई’ करत होता. आबांचं कण्हणं ऐकू येत होतं, मागे एक बाई रडत होती. मग फोन बंद झाला. परत लावला, लागला नाही. बावीस मिनिटांनी स्क्रीनवर गाडी पोहोचल्याचं दिसलं. त्यापुढे काही नाही.

नंतर मी रेकॉर्डिंग ऐकलं. तो ‘औषध’ म्हणाल्यापासून मला समजेपर्यंत पंधरा सेकंद गेले.

तेव्हापासून झोप नाही. कुकरची शिटी झाली की हात कानाकडे जातो. रात्री उठून बाबांचा श्वास चालू आहे ना ते बघून येते. सुपरवायझरना सांगितलं तर म्हणाले, ‘तू तर फोनवरच होतीस, जागेवर जातात त्यांचं काय होत असेल?’ आई म्हणते, सोड नोकरी, बँकेच्या परीक्षा दे. त्या मुलाचा नंबर मी चिठ्ठीवर उतरवून घेतलाय, पर्समध्ये आहे. एकदाच फोन करून विचारू का? आणि माझ्या त्या पंधरा सेकंदांमुळे काही झालं असेल का?

— स.

प्रिय स.,

चिठ्ठीपासून सुरुवात करते, कारण तुझा हात तिच्याकडे जायच्या आत माझं उत्तर तुझ्यापर्यंत पोहोचायला हवं. त्या मुलाला फोन करू नकोस. स्वतःच्या मोबाइलवरून नको, मैत्रिणीच्या मोबाइलवरूनही नको.

मी हे करून बसले आहे, म्हणून सांगते. अकरा वर्षं मी कंट्रोल रूममध्ये हेडसेट लावून काढली. दुसऱ्या वर्षी एका बाईचा फोन आला. आवाज दाबून बोलत होती. शेजारच्या घरातली सून भाजली आहे, लवकर गाडी पाठवा, आणि माझं नाव कुठे येऊ देऊ नका. गाडी गेली. दोन दिवस ती न पाहिलेली सून माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरून त्या नंबरला फोन लावला. उचलला एका पुरुषाने. ‘कोण? कुठनं बोलताय? या नंबरवरनं तुम्हाला कुणी फोन केला होता?’ मी घाबरून फोन ठेवला, पण व्हायचं ते तेवढ्यात होऊन गेलं होतं. जीव मुठीत धरून, चोरून जिनं फोन केला, तिचं गुपित मी फोडलं होतं, आणि तेही मला झोप लागावी म्हणून. त्या सुनेचं काय झालं ते मला कळलं नाहीच. आता त्या शेजारणीचं काय झालं असेल, हेही माझ्या मानेवर आहे. इतक्या वर्षांत पहिली आठवण पुसट झाली, दुसरी झालेली नाही.

तुझ्या त्या मुलाच्या घरी असलं काही नसेलही. पण विषबाधेची केस दवाखान्यात आली की पोलिसांना कळवलं जातं, जबाब घेतले जातात. अनोळखी माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन ते घर आधीच थकलं असेल. आबा वाचले असतील तर आता त्यांच्यावर गुन्हा दाखल होणार, अशी भीती आपल्याकडे अजून घराघरांत आहे. खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यातली धार काढून घेतली आहे. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याबद्दल त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य, असं तो कायदा सांगतो. पण हे वस्तीवरच्या पोरापर्यंत कोण पोहोचवणार? त्याला अनोळखी नंबरवरून फोन आला तर आधी भीतीच वाटेल.

आणि आबा गेले असतील तर? त्या पोराने ते तोंडाने तुला सांगायचं. मग तू रडणार, आणि ज्याचे वडील गेले ते पोर फोनवर तुझी समजूत काढणार. तुला त्याच्याकडून हे करवून घ्यायचं नाही, हे मला ठाऊक आहे.

कळून घ्यायचा रस्ता मात्र आहे आणि तो तू वापर. प्रत्येक कॉलला केस नंबर असतो. तो घालून सुपरवायझरकडे दोन ओळींचा लेखी अर्ज दे. या केसमध्ये रुग्ण दवाखान्यात सोपवला तेव्हा कसा होता, एवढंच विचार. गाडीवरचा डॉक्टर रुग्ण ताब्यात देताना कागद भरतो. शुद्ध होती का, नाडी कशी होती, कुठे दाखल केलं, असं सगळं त्यात असतं. तेवढं तुला तुझ्या केंद्रातूनच कळू शकतं. त्यापुढचं, म्हणजे आबा घरी परतले का, हे दवाखाना तुला सांगणार नाही. सांगूही नये. मलाही हे पचायला फार जड गेलं होतं. पण रुग्ण दवाखान्याच्या दारातून आत गेला की तो आपला राहत नाही, तो त्याच्या घरच्यांचा आणि तिथल्या डॉक्टरांचा होतो.

आता पंधरा सेकंद.

त्यांचं उत्तर तू स्वतःच पत्रात लिहिलं आहेस. ‘मी आधी गाव विचारलं, तालुका विचारला, वस्तीवर यायची खूण विचारली.’ (गावाचं नाव तू लिहिलं होतंस, ते मी छापताना गाळलं आहे. यापुढे कुणालाही लिहिताना ते लिहू नकोस.) म्हणजे ‘औषध’ हा शब्द यायच्या आधी पत्ता तुझ्या हातात होता. बहुतेक केंद्रांत कॉल घेणारी एका खुर्चीत आणि गाडी देणारा दुसऱ्या खुर्चीत असतो. पत्ता पक्का झाला की गाडीचं काम सुरू होतं आणि कॉल घेणारी पुढे बोलत राहते. तुझ्या केंद्रातही तसंच असेल, तर तू ‘कशाचं औषध’ विचारत होतीस तेव्हा कोणीतरी तुझ्या स्क्रीनवरचा तालुका वाचून जवळची गाडी शोधत होतं. खात्री करायची असेल तर त्याच नोंदीत वेळा बघ. पत्ता कधी भरला गेला, गाडी कधी दिली, तू रुग्णाची तक्रार कधी टाइप केलीस. हे तिन्ही आकडे तिथे असतात. तू रेकॉर्डिंग ऐकलंस ते चूक शोधायला. आता तीच नोंद शांतपणे, शेजारी कोणाला तरी बसवून बघ.

पंधरा सेकंदांना कधीच वजन नसतं, असं म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे असतात. तिथे पंधरा सेकंद म्हणजे पंचवीस-तीस दाब. तसा कॉल असता तर मी हेच पत्र वेगळं लिहिलं असतं. पण आबा कण्हत होते, म्हणजे श्वास चालू होता. त्या घडीला त्यांना सगळ्यात मोठा धोका होता तो भोवती जमलेल्या माणसांच्या मायेचा. आपल्याकडे कोणी विष घेतलं की गाव धावतं, मिठाचं पाणी पाजतं, घशात बोटं घालतं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला उलटी करायला लावली तर ती श्वासनळीत जाते. तू ते थांबवलंस, बावीस मिनिटं आधी, एवढ्या लांबून. तुझ्या सगळ्या हिशोबात हे कुठेच धरलेलं नाही.

पत्ता आधी घ्यायचा, हे तुला शिकवलं त्यामागे किती रात्रींचा अनुभव आहे ते तुला ठाऊक असेलच. आपल्या राज्यात पिंपळगाव किती आहेत, वडगाव किती, सावरगाव किती! एकाच जिल्ह्यात दोन-दोन. मोबाइलचं लोकेशन पुष्कळदा टॉवरच्या आसपास आणून सोडतं, पुढची वस्ती, पाडा, तांडा माणसालाच विचारावा लागतो. तोही शेतातला, घराला नंबर नाही. पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, मारुतीच्या देवळामागून, जिथे डीपी आहे तिथे. घाबरलेल्या पोराकडून हे काढून घेतलंस. ज्याला पत्ता कळला नाही त्याला बाकीचं सगळं कळूनही काही करता येत नाही.

राहिला तो शब्द. तू शहरात वाढलीस. तुझ्या घरी औषध म्हणजे गोळी, बाटली, मेडिकलमधून आणायची वस्तू. शेतकऱ्याच्या घरी औषध मारायला जातात, औषध फवारतात, औषधाचा पंप असतो. तिथे ‘औषध घेतलं’ असं खालच्या आवाजात कोणी म्हटलं की सगळ्यांना कळतं. विष हा शब्द माणसं उच्चारत नाहीत. एक तर लाज असते. आणि मला नेहमी वाटत आलंय की विष म्हटलं की ते घडून गेलं, औषध म्हटलं की अजून काहीतरी करता येईल, एवढी आशा त्या शब्दात ठेवलेली असते. त्या पोराने शेवटपर्यंत विष म्हटलं नाही, बघ. ओरडला तेव्हाही ‘वावरातलं औषध’च म्हणाला.

हे तुला माहीत नव्हतं ही तुझ्या शिकवणीतली उणीव आहे, आणि ती शिकवणाऱ्यांची आहे. ज्या महाराष्ट्रात इतकी वर्षं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर समित्या बसतात, पॅकेजं निघतात, तिथे कॉल घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे दोन शब्द सांगायला हवेत. हेडसेट कसा लावायचा, त्याच्याही आधी. याबद्दल मला खरोखर राग येतो. आपण सॉफ्टवेअर शिकवतो, इंग्रजीतली प्रश्नावली पाठ करून घेतो, आणि फोन करणारा बोलतो वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी.

आणखी एक. ‘कोणतं औषध?’ हा प्रश्न तुला टोचतोय, पण तो तुला विचारावा लागणारच होता. काही कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिनसारखं उपयोगी पडणारं औषध आहे, काहींवर तसला उतारा नाही. म्हणूनच डबा किंवा पाकीट डॉक्टरच्या हातात पडणं मोलाचं. तू प्रश्न चुकीच्या समजुतीने विचारलास, पण प्रश्न बरोबर होता, आणि डबा गाडीत द्यायला सांगितलंस.

(हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असं झालं तर लगेच १०८ ला फोन करा. उलटी काढू नका, पाणी-दूध-मीठ काही पाजू नका, कुशीवर झोपवा, अंगावर औषध सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा, डबा सोबत न्या. आणि ज्याच्या मनात असला विचार येऊन जातोय त्याने आजच १४४१६ लावा. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आधाराची हेल्पलाइन आहे ती, २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं.)

तुझे सुपरवायझर म्हणाले, ‘तू तर फोनवरच होतीस.’ त्यांना वाईट म्हणू नकोस, बहुधा त्यांनाही कोणीतरी असंच सांगून गप्प केलं असेल. पण ते चुकले आहेत. गाडीवरचा डॉक्टर त्या घरात गेला, त्याने आबा पाहिले, हाताला काम होतं, दवाखान्यात कागदावर सही घेतली आणि गाडीत येऊन बसला. त्याच्यापाशी त्या रात्रीचं एक चित्र आहे आणि त्या चित्राला शेवट आहे. तुझ्यापाशी फक्त आवाज. नको ते दिसलं तर डोळे मिटता येतात, हेडसेट लावलेले कान मिटता येत नाहीत. मग आवाजावरून मन स्वतः चित्र काढतं, आणि रंग घेतं ते घरातलेच. त्या आबांचा चेहरा तू कधी पाहिला नाहीस. तू त्यांना तुझ्या बाबांचा चेहरा दिला आहेस. म्हणून रात्री उठून तू बाबांचा श्वास बघतेस.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाचे जे निकष काढले, त्यांत कामाचा भाग म्हणून भयंकर घटनांचे तपशील पुन्हापुन्हा कानावर येणं हेही मनाला आघात होण्याचं कारण म्हणून धरलं आहे. तिथे जागेवर हजर असण्याची अट नाही. तू फोनवरच होतीस, आणि आघात तिथेच झाला. सुपरवायझरना पुन्हा भेट. या वेळी ‘मला कसंतरी होतंय’ असं सांगू नकोस. सांग, तीन आठवडे झोप नाही, मला दोन आठवडे रात्रपाळी नको आणि जड कॉलनंतर दहा मिनिटं हेडसेट काढायची मुभा हवी. नेमकं मागितलं की नेमकं नाही म्हणणं लोकांना अवघड जातं.

एक महिना उलटूनही शिटीला हात कानाकडे जात असेल, झोप येत नसेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जा. जिल्हा रुग्णालयातही हे डॉक्टर असतात. त्याआधीसुद्धा १४४१६ तुझ्यासाठीही आहे. दुसऱ्याला दिवसभर मदत पाठवणाऱ्याला स्वतःसाठी नंबर लावताना हात जड होतो, हे मी स्वतःवरून जाणते. मी तो फार उशिरा लावला. तू लवकर लाव.

घरी दोन गोष्टी कर. मोबाइलची रिंग बदल, केंद्रातल्या रिंगशी जुळणारी अजिबात नको. आणि बाबांना सांग की तू रात्री येऊन त्यांना बघतेस. लपवू नकोस. रिक्षावाला माणूस आहे, रात्रीच्या रस्त्यावर त्यांनीही काय काय पाहिलं असेल. जखमी माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं असेल, आणि नंतर त्याचं काय झालं ते त्यांनाही कधी कळलं नसेल. विचारून बघ.

आईचं म्हणणं मला कळतं. रात्रपाळी करून आलेली, डोळे सुजलेली मुलगी बघून कोणती आई दुसरं काही म्हणेल? पण तिला नेमकं काय सोडायला सांगते आहे ते कळू दे. १९३५ साली लंडनमध्ये विम्पोल स्ट्रीटवरच्या एका डॉक्टरच्या घराला आग लागली आणि पाच बायका गेल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी फोन लावला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो रांगेत ताटकळत राहिला. त्याने संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी बसली, आणि ३० जून १९३७ ला तिथे ९९९ सुरू झाला. संकटासाठी वेगळा ठेवलेला जगातला पहिला नंबर. कोणी फोन उचलला नाही म्हणून तुझी ही खुर्ची जन्माला आली. आपल्याकडे १०८ आधी हैदराबादेत आला, २००५ साली. महाराष्ट्रात गाडीसोबत डॉक्टर घेऊन यायला २०१४ उजाडलं. त्याआधी वस्तीवरचा माणूस बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये, कोणाच्या तरी जीपमध्ये घालून न्यायचे, आणि जीपवाल्याचं दार वाजवण्यात अर्धी रात्र जायची. तुझ्या आईच्या माहेरी हे पाहिलेली माणसं असतील. तिलाच विचार.

नोकरी सोडायची का, हे या महिन्यात ठरवू नकोस. झोप नसलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय मी कोणालाच घेऊ देणार नाही. दोन-तीन महिन्यांनी, झोप परत आल्यावर, एक गोष्ट बघ. कॉल वाजला की तुझा हात आपसूक जातो का? की क्षणभर थबकतो, मनात येतं की हा दुसऱ्या कोणाला तरी पडू दे? पहिलं होत असेल तर राहा. दुसरं होत असेल, आणि महिनाभर होत राहिलं, तर खाली मान न घालता सोड. माझ्याबरोबरच्या सर्वांत चांगल्या कॉल घेणाऱ्यांपैकी दोघी तिसऱ्या वर्षी नोकरी सोडून गेल्या. एकीने शिलाईचं दुकान काढलं. मला कधीही वाटलं नाही की ती हरली. आणि हे ठरवताना पगार, पाळ्या, कंत्राटाची मुदत हेही कागदावर मांड. ‘सेवा आहे’ म्हणून कोणी या गोष्टी बाजूला सारायला लावत असेल तर ऐकू नकोस. सेवा करणाऱ्यालाही घरभाडं भरावं लागतं.

तोपर्यंत कामावर एक सवय लाव. जड कॉल संपला की एका ओळीत लिही, आपण काय केलं ते. झालं काय ते नव्हे, ते आपल्याला बहुतेक वेळा कळतच नाही. त्या रात्रीची ओळ मी लिहून देते: पत्ता घेतला, गाडी गेली, कुशीवर वळवलं, उलटी थांबवली, डबा सोबत. त्यात नाव नको, गाव नको, नंबर नको. गाडीवरचा डॉक्टर दवाखान्यात सही घेतो ना, तशी ही तुझी सही. मला हे सातव्या वर्षी सुचलं. त्यानंतर घरी जाताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघायला लागले.

चिठ्ठी घरी फाडू नकोस. अर्ज देशील तेव्हा ती सुपरवायझरच्या हातात ठेव आणि सांग की हा नंबर माझ्याकडे नको आहे. ओरडले तर ऐकून घे. फोन न करता चिठ्ठी परत देणाऱ्या मुलीला ओरडणं फार वेळ टिकत नाही.

आणि एक वही कर, छोटी, शंभर पानी. ही तुझ्या पाळीतल्या सगळ्यांसाठी, टेबलावर ठेवायची. पहिल्या पानावर पहिली ओळ: ‘औषध घेतलं.’ पुढे अर्थ. ती ओळ तुझी आहे, तू ती फार किंमत देऊन मिळवली आहेस, पुढच्या मुलीला ती फुकट मिळू दे. त्याखाली माझ्याकडच्या काही ओळी घाल. ‘पान लागलं’ किंवा ‘जनावर चावलं’ असं कोकणात, कोल्हापूरकडे कोणी म्हणालं तर तो साप. रात्री सापाचं नाव घेत नाहीत. कुत्रं समजून बसू नका, आवळून बांधू नका म्हणून सांगा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे लकवा. केव्हापासून, ते विचारा, त्या वेळेवर पुढचे उपचार ठरतात. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे बाईला रक्तस्राव, पोटुशी आहे का ते विचारा. ऐकायला दोन्ही एकसारखं वाटतं आणि घाईत गल्लत होते, माझी झाली आहे. ‘झटका आला’ म्हटलं की फेफरं, हृदयविकार किंवा विजेचा धक्का, तिन्ही असू शकतं. विजेचा असेल तर आधी हात लावू नका म्हणून सांगा. ‘पाणमोट फुटली’ म्हणजे बाळाभोवतीचं पाणी गेलं, हे आज्जीबाईच म्हणतील, सून नाही म्हणणार. आणि ‘अडली आहे’ म्हणजे बाळंतीण अडली आहे. कळा कधीपासून येताहेत, ते आधी विचार.

तुझी,
ताई